असामान्यतेचा पुरावा

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि आज अमेरिकेत अभियंता असलेला एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी दूरध्वनीवर म्हणाला, "सर, काम मी केले आहे; पण ते मीच केले, हे कागदावर कुठेच नाही." ही खंत केवळ त्याची नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा विचार करावासा वाटतो.

अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने 'असामान्य क्षमता' असणाऱ्यांसाठी कायम वास्तव्याचा एक स्वतंत्र मार्ग ठेवला आहे. त्यासाठी कंपनीची शिफारस लागत नाही. स्वतःच अर्ज करता येतो. जागतिक कीर्तीचा मोठा पुरस्कार नसेल, तर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. अभियंत्याच्या बाबतीत पारितोषिके, निवडक संस्थांचे सदस्यत्व, इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक योगदान, शोधनिबंध, नामांकित संस्थेतील महत्त्वाची भूमिका आणि उच्च वेतन हे त्यांतील प्रमुख होत. तीन निकष भरले म्हणजे काम संपले असेही नाही. अर्जदार आपल्या क्षेत्रातील शिखरावरच्या मोजक्यांपैकी आहे काय, हे अधिकारी नंतर समग्रपणे तपासतो. अन्य मार्गांनी जाणाऱ्या भारतीयांना दहा-दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत राहावे लागते, म्हणून या मार्गाचे आकर्षण मोठे आहे.

हे निकष कोणाची जात विचारीत नाहीत, हे खरे. परंतु परीक्षक म्हणून बोलावणे त्यालाच येते, ज्याला बोलावणारे ओळखतात. घराण्यात पहिल्यांदाच शिकलेला मुलगा रात्रभर यंत्रापाशी उभा राहतो आणि अहवालावर वरिष्ठाचे नाव येते. गुणवत्ता असणे आणि ती मान्य होणे यांतील अंतर आपल्या समाजाइतके कोणी सोसले असेल?

तथापि केवळ गाऱ्हाणे मांडून भागणार नाही. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे बरेचसे स्वतःच्या बळावर शिकलेले संशोधक. मुद्रणाचे खिळे ओतणारे यंत्र त्यांनी घडविले. लंडनहून ते न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ मध्ये तेथेच वारले. ज्या अमेरिकेत ते राहिले, तिने १९१७ च्या कायद्याने भारतीय स्थलांतरितांना जवळजवळ दार बंद केले होते आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरविले होते. तेव्हा क्षमता कोणी विचारीतच नव्हते. तरीही भिसे यांचे कार्य आज सांगता येते, कारण त्यांनी आपल्या शोधांची एकस्वे घेऊन ठेवली.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली तेथील चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आणला. विद्यार्थिदशेतच विचार लिहून जगापुढे ठेवण्याची ही शिस्त आपण पुरेशी उचललेली नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने कामाची वही ठेवावी. गावच्या मामा तलावाचे पाणी सोडण्याचे दार का गळते, भातगिरणीत तांदूळ का तुटतो, आपण काय मोजले, काय फसले, सोबत कोण होते, हे तारखेसह लिहावे. स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी धाकट्यांची नावे अहवालात घालावीत, त्यांना परीक्षणाची संधी द्यावी आणि प्रामाणिक शिफारसपत्रे लिहावीत. प्रामाणिक हा शब्द मुद्दाम वापरतो. कारण विकत घेतलेली पारितोषिके आणि दुसऱ्याने लिहिलेले निबंध जोडून अर्ज सजविण्याचा मोह आज सर्वत्र आहे. रोज पंचशील म्हणणाऱ्या मुलांना चौथे शील पुन्हा समजावून सांगण्याची गरज नसावी.

कोणी परदेशी जाईल, कोणी गोंदियातच राहील. येथे राहणाऱ्यालाही एकस्व, शिष्यवृत्ती वा बढती मिळवताना हीच वही उपयोगी पडेल. त्या माजी विद्यार्थ्याचा अर्ज अद्याप तयार व्हायचा आहे. पण आता आपल्या प्रत्येक अहवालावर तो हाताखालच्या तंत्रज्ञांची नावे आठवणीने लिहितो.