मावळच्या मातीला आधार हवा

भातखाचराचा बांध फुटला तर मावळचा शेतकरी तो पुन्हा घालतो. वाहून गेलेली माती मात्र त्याला परत मिळत नाही. सह्याद्रीच्या कातळावर बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर ती एका मुसळधार रात्रीत ओढ्याला लागते. पाऊस इथे नवा नाही, पण त्याची रीत बिघडली आहे. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले.

अशा पावसापुढे आपण माती उघडी टाकतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या जळतात, म्हणजे जे जमिनीत मुरायला हवे त्याचाच धूर होतो. चिखलणीने मातीची कणरचना मोडते आणि गढूळ पाण्याबरोबर तिचा बारीक गाळ बांधावरून निघून जातो. फोकून दिलेला युरिया इंद्रायणी-पवना नद्यांना मिळतो. त्यात वरच्या डोंगरउतारावर बंगल्यांच्या प्लॉटसाठी जेसीबी चालला, की त्याचा मुरूम खालच्या खाचरात येऊन बसतो. तो उपसण्याचा खर्च खालच्यानेच का सोसावा?

उपाय दूर नाहीत. चारसूत्री भातलागवडीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचतात. खत वाहून जात नाही. घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवले: कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळे जमिनीतच. त्यातल्या तणनाशकाबद्दल आमच्या मनात शंका आहे आणि तिची तपासणी व्हायला हवी. तरी मजूर मिळेनासे झालेल्या गावांना हा मार्ग पेलणारा आहे.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिला आणि तालुक्याचे नाव घरोघरच्या ताटात पोचले. आता त्याच केंद्राने अंदर, नाणे आणि पवन मावळात शेतकऱ्यांच्याच खाचरांत या पद्धती शेजारी शेजारी लावून दाखवाव्यात. कृषी विभागाने मृदा आरोग्य पत्रिका नुसती हाती न देता सेंद्रिय कर्बाचा आकडा बांधावर समजावून सांगावा, आणि राब सोडणाऱ्याला पहिली दोन वर्षे उत्पन्नाची हमी द्यावी. तहसील कार्यालयाने जून ते सप्टेंबर उतारावरची खोदाई बंद ठेवावी, आणि मुरमाने खाचर बुजले तर भरपाई खोदणाऱ्याकडून वसूल करावी.