विश्लेषण : व्हिडीओ गेम खेळून कोट्यवधींची देणगी कशी उभी राहते?

दरवर्षी जानेवारीत अमेरिकेतील एखाद्या हॉटेलच्या सभागृहात सुमारे आठवडाभर, चोवीस तास व्हिडीओ गेम खेळले जातात. एक खेळाडू उठला की दुसरा बसतो. पहाटे तीनलाही खुर्ची रिकामी नसते आणि थेट प्रक्षेपण थांबत नाही. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात पहारे बदलतात, पण वीणा खाली ठेवली जात नाही, रचना तशीच. या आठवड्यात कर्करोग प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे वीस-तीस लाख डॉलर जमा होतात. ‘ऑसम गेम्स डन क्विक’ हे या उपक्रमाचे नाव. गेम म्हणजे वेळेचा अपव्यय मानणाऱ्या पालकांना हे चमत्कारिक वाटेल. मात्र प्रश्न केवळ कौतुकाचा नाही. एवढा पैसा कोणाच्या विश्वासावर गोळा होतो आणि तो पोहोचतो का, हेही पाहावे लागते.

सुरुवात कशी झाली?

जानेवारी २०१० मध्ये माइक उयामा आणि त्याचे काही मित्र अमेरिकेतील एका गेमिंग संमेलनातून जुन्या गेमचे प्रक्षेपण करणार होते. हॉटेलच्या इंटरनेटने दगा दिला. मग सगळा लवाजमा उयामाच्या आईच्या घराच्या तळघरात हलला. तिथून झालेल्या प्रक्षेपणातून दहा हजार डॉलरहून थोडी अधिक रक्कम जमली आणि ती ‘केअर’ या संस्थेला देण्यात आली. पुढच्या वर्षी ‘प्रिव्हेंट कॅन्सर फाऊंडेशन’साठी पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला गेला. २०१४ मध्ये एकाच कार्यक्रमाने दहा लाख डॉलर पार केले, तर २०२२ मध्ये ३४ लाख डॉलर जमले. उन्हाळ्यातला दुसरा सप्ताह ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’साठी असतो. ही संस्था मुंबईकरांना अपरिचित नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर तिने मुंबईत अनेक वर्षे काम केले आहे.

‘स्पीडरन’ म्हणजे काय?

येथे गेम नेहमीसारखा खेळला जात नाही. तो कमीत कमी वेळात संपवायचा असतो. त्यासाठी खेळाडू गेमच्या प्रोग्रॅममधील चुका शोधतात. भिंतीच्या कोणत्या कोपऱ्यातून पात्र आरपार जाते, कोणत्या क्षणी उडी मारली की अख्खा टप्पा वगळला जातो, याचा महिनोन्महिने अभ्यास होतो. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकॅरिना ऑफ टाइम’ हा १९९८ मधील गेम साधारण खेळाडूला वीस-पंचवीस तास पुरतो. निष्णात स्पीडरनर त्याचा शेवट चार मिनिटांच्या आत गाठतात. हे करताना शेजारच्या कोचावर बसलेले जाणकार प्रत्येक युक्ती समजावून सांगतात. त्यामुळे गेम न खेळणाराही क्रिकेटच्या समालोचनासारखा त्यात गुंततो.

प्रेक्षक पैसे का देतो?

गेम फुकट पाहता येतो, तरीही लोक पैसे देतात. त्यामागे विचारपूर्वक बसवलेली यंत्रणा आहे. पडद्यावर जमलेल्या रकमेचा आकडा सतत हलत असतो. देणगीदाराचा संदेश प्रक्षेपणात वाचून दाखवला जातो. ‘आईला कर्करोग होता, तिच्या आठवणीत पन्नास डॉलर’ अशा धर्तीचे संदेश तासागणिक येतात आणि हास्यविनोदात रंगलेले सभागृह क्षणभर शांत होते. शिवाय पैशाने खेळावर परिणाम घडवता येतो. पात्राचे नाव काय ठेवायचे, कोणता अवघड टप्पा खेळून दाखवायचा, हे देणग्यांच्या चढाओढीतून ठरते.

यातली सर्वांत प्रसिद्ध चढाओढ ‘सुपर मेट्रॉइड’मधली. शेवटी ग्रह फुटणार असतो आणि नायिका पळत असते. वाटेत अडकलेल्या प्राण्यांना सोडवायचे तर काही सेकंद वाया जातात. स्पीडरनरच्या दृष्टीने सेकंद मोलाचा. मग ‘प्राणी वाचवा’ आणि ‘प्राणी मरू द्या’ असे दोन पक्ष पडतात आणि दोन्हीकडून पैशांचा पाऊस पडतो. पडद्यावरच्या चार ठिपक्यांच्या जिवासाठी खरे पैसे मोजणे हास्यास्पद आहेच, पण जिंकणारा पक्ष कोणताही असो, पैसा रुग्णांसाठीच जातो.

कंटाळ्यातूनही पैसा?

कॅनडातील ‘लोडिंगरेडीरन’ या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या गटाने २००७ मध्ये याहून विचित्र प्रयोग केला. ‘डेझर्ट बस’ हा कधीच रीतसर बाजारात न आलेला गेम त्यांनी निवडला. त्यात टुसॉनहून लास व्हेगासपर्यंत बस चालवायची. प्रवास खऱ्या वेळेनुसार आठ तासांचा, कमाल वेग ताशी ४५ मैल, रस्ता सरळ, प्रवासी नाहीत, समोरून वाहन नाही. बस सतत किंचित उजवीकडे ओढते म्हणून हातही सोडता येत नाही. पोहोचल्यावर एक गुण मिळतो आणि परतीचा प्रवास सुरू.

यातील देणगीचे गणित मात्र बिनतोड आहे. पहिल्या तासासाठी एक डॉलर आणि पुढील प्रत्येक तास आधीच्यापेक्षा सात टक्क्यांनी महाग. पहिला पूर्ण दिवस अवघ्या ५८ डॉलरमध्ये मिळतो. शंभर तासांसाठी मात्र बारा हजारांहून अधिक आणि दीडशे तासांसाठी साडेतीन लाखांहून अधिक डॉलर लागतात. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात वापरायला हरकत नाही. चालकांचे हाल पाहण्यासाठी लोक पैसे देतात आणि ते ‘चाइल्ड्स प्ले’मार्फत रुग्णालयांतील मुलांच्या खेळण्यांसाठी जातात.

पैसा कोणाच्या खात्यात?

‘गेम्स डन क्विक’ स्वतः धर्मादाय संस्था नाही, ती कंपनी आहे. मात्र देणगी तिच्या खात्यातून फिरत नाही, थेट लाभार्थी संस्थेकडे जाते. ही बाब किरकोळ वाटली तरी सगळा विश्वास तिच्यावर उभा आहे. ती पाळली नाही तर काय होते, हे २०२३ मध्ये दिसले. अमेरिकेतील एका लोकप्रिय यूट्यूबरने स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी म्हणून वर्षानुवर्षे गेमिंग प्रक्षेपणांतून पैसे गोळा केले होते. ते त्याच्या कुटुंबाशी संबंधित संस्थेच्या खात्यात पडून असल्याचे इतर यूट्यूबरनी उघड केले. रक्कम सहा लाख डॉलरच्या घरात होती. गवगवा झाल्यानंतर ती दान करण्यात आली. पैसा बुडाला नाही हे खरे, पण तोवर देणगीदारांना तो केव्हाच पोहोचल्याचे वाटत होते. या प्रकरणाचा छडा कोणत्या नियामकाने लावला नाही, तर सार्वजनिक कागदपत्रे वाचणाऱ्या प्रेक्षकांनी लावला.

लाभार्थी कोण ठरवणार?

फ्रान्समधील ‘झेड इव्हेंट’ने हा प्रश्न ऐरणीवर आणला. झेराटॉर या नावाने ओळखला जाणारा आद्रियाँ नुगारे हा त्याचा एक संस्थापक. २०२१ मध्ये या कार्यक्रमाने भूकनिर्मूलनाच्या कामासाठी एक कोटी युरो उभे केले. पुढच्या वर्षी पर्यावरणाच्या कामासाठी ‘गुडप्लॅनेट’ या प्रतिष्ठानाचे नाव जाहीर झाले आणि टीकेची झोड उठली. अखेर ते नाव मागे घेऊन सहभागी खेळाडूंच्या मतदानाने अन्य पर्यावरण संस्था निवडण्यात आल्या. २०२५ मध्ये कर्करोगविषयक संस्थांसाठी १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक रक्कम जमली. आकडा जितका मोठा, तितकी संस्थेची निवड सार्वजनिक होणार, हे आयोजकांना यापुढे टाळता येणार नाही. अमेरिकेत तर स्थळाची निवडही वादातून सुटली नाही. फ्लोरिडातील राज्य सरकारची करोनाविषयक भूमिका आणि समलिंगींबाबतचा कायदा यांवर आक्षेप घेत ‘गेम्स डन क्विक’ने २०२३ चा जानेवारीतील कार्यक्रम तेथून हलवून ऑनलाइन घेतला.

भारतात काय?

करोनाकाळात याची चुणूक बुद्धिबळात दिसली. एप्रिल २०२० मध्ये विश्वनाथन आनंद, नाशिकचा विदित गुजराथी, कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हरिका, पी. हरिकृष्ण आणि बी. अधिबन यांनी देणगीदारांशी ऑनलाइन डाव खेळून सुमारे साडेचार लाख रुपये उभे केले. जून २०२१ मध्ये आनंद विरुद्ध नामवंत अशा मदतनिधीच्या सामन्यांत निखिल कामत यांनी संगणकाची मदत घेतल्याचे उघड झाले आणि निधीपेक्षा त्या लबाडीचीच चर्चा अधिक झाली.

आज येथील तरुण स्ट्रीमर पूरग्रस्तांसाठी किंवा रुग्णांसाठी मदत मागतात तेव्हा बहुतेकदा सुपर चॅट किंवा स्वतःचा यूपीआय क्यूआर कोड वापरतात. सुपर चॅटमधील शंभर रुपयांपैकी सुमारे तीस रुपये यूट्यूब ठेवून घेते. उरलेले स्ट्रीमरचे उत्पन्न ठरते. त्याने ते पुढे संस्थेला दिले तर ‘८० जी’ची पावतीही त्याच्या नावाने निघते, देणाऱ्याच्या नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी चाहत्याने पैसे पाठवायचे म्हटले तर संस्थेकडे परदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी लागते आणि ती रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यावी लागते. गणेशोत्सव मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाकडून ‘कलम ४१ क’खाली परवानगी घ्यावी लागते. पडद्यावरून वर्गणी मागणाऱ्या विशीतल्या मुलाच्या मनात हा नियम येतोच असे नाही.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या गेमवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. देणगीसाठी गेम खेळणे हा पैशांचा खेळ नव्हे, कारण देणाऱ्याला जिंकण्यासारखे काही मिळत नाही. तरीही प्रेक्षकाने पैसे पाठवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी : पडद्यावरचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा आहे की खेळणाऱ्याच्या.