वैमानिकाची विश्रांती आणि आपला प्रवास

कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये आणि बीदरचा फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झाला, तेव्हा आळंदकरांना बेंगळुरू जवळ आल्याचा आनंद झाला. तिकीट किती, विमान वेळेवर आहे का, एवढे आपण विचारतो. वैमानिकाची झोप झाली आहे का, हे कोणी विचारत नाही.

22 मे 2010 रोजी मंगळूरच्या अपघातात 158 जण गेले. कॅप्टन उड्डाणात बराच वेळ झोपला होता, असे चौकशीत निघाले.

जानेवारी 2024 मध्ये नवे नियम आले. आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास, रात्रीचे लँडिंग सहाऐवजी दोन. पूर्ण अंमल 1 नोव्हेंबर 2025 पासून होता. तयारीला इतका अवधी मिळूनही डिसेंबरात इंडिगोचे नियोजन कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली.

बँकेत जोखमीच्या टेबलावरील माणसाला सक्तीची रजा घ्यावी लागते. काम जास्त आहे म्हणून ती टाळली, तर तपासणीत ताशेरे येतात. इथे मात्र गर्दी हेच सवलतीचे कारण ठरले.

आपल्यासारख्या छोट्या मार्गांवर उड्डाण तासाभराचे असते, पण एकाच वैमानिकाला दिवसात अनेकदा उड्डाण-लँडिंग करावे लागते, आणि जोखीम तिथेच जास्त. म्हणून ड्युटीचे तास संपल्याने विमान रद्द झाले, तर काउंटरवर भांडू नये. ती गैरसोय आपल्याच जिवासाठी आहे.