‘बदलून बघू’ला निदान म्हणत नाहीत

चालता चालता गाडी बंद पडते अशी तक्रार घेऊन गॅरेजात जा, उत्तर ठरलेलं. "साहेब, फ्यूल पंप बदलून बघू." पंपाने नाही भागलं तर थ्रॉटल बॉडी, मग प्लग, मग कॉइल. बिल दर खेपेला आपलं. प्रॉडक्शन सर्व्हरवर मी असं ‘बदलून बघू’ केलं तर मॅनेजर मला दारात उभं करणार नाही!

बाबांची पेट्रोल गाडी खंबाटकी चढताना बंद पडली. मागे ट्रक. वीस मिनिटांनी मुकाट चालू झाली. सर्व्हिस सेंटरने काय करावं? स्कॅनर लावला, कोड उडवला, पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि जॉबकार्डावर लिहिलं, "प्रॉब्लेम आढळला नाही." आमच्यात याला "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात. अहो, पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही गेली ना! बिघाडाच्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान काय होतं याची ती नोंद. पंचनाम्याआधी रक्त पुसण्यातला प्रकार.

आणि चालकाला कोणी काही विचारतच नाही. आचके देत बंद पडली तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर. दिवा मालवल्यासारखी गेली तर आधी इलेक्ट्रिकल. सिग्नलला उभी असतानाच मरते? थ्रॉटल बॉडीतला कार्बन बघा. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत, तरी आरपीएमचा काटा शून्यावर? मग इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नाहीये. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. तापला की सिग्नल जातो, गार झाला की येतो. बाबांनी काट्याचं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण जॉबकार्डात त्यासाठी रकाना नव्हता. शेवटी एका छोट्या गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं, गरम इंजिनावर सेन्सर तपासला, आणि तोच निघाला.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. इंजिन गेलं की स्टीअरिंग जड होतं, आणि दोन-चारदा ब्रेक दाबला की बूस्टरचा व्हॅक्यूम संपून ब्रेकही दगड. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशन स्विच इतका सैल होता की जड किल्लीगुच्छाने किंवा धक्क्याने चावी फिरून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीत कित्येक वर्षं याला ‘ग्राहकाची गैरसोय’ समजत होते. २०१४ मध्ये जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. आणि कळस म्हणजे मधल्या काळात स्विच गुपचूप सुधारला होता, पार्ट नंबर न बदलता! (कोड बदलून व्हर्जन तोच ठेवणारे महाभाग आमच्याकडेही आहेत.) त्यामुळे शोधणाऱ्यांना जुन्या-नव्यातला फरकच कळेना.

तेव्हा गाडी देताना जॉबकार्डावर स्वतःच्या हाताने लिहा : कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमसकट प्रिंट हवी. एवढा वेळ नसतो म्हणतील. पंप उतरवायला बरा मिळतो!