शाळा काढण्यामागची नियत

शाळा काढणं सवाबाचं काम, असं आपण मानतो. पण शाळेचा इतिहास लिहायचा तर नियतही तपासावी लागते. त्यासाठी मी आधी स्थापनेचं वर्ष पाहते.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५९ साली गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी निघाली. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकवा, असा कोर्टाचा आदेश होता. तो टाळायला काउंटीने सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. बहुतेक काळी मुलं चार वर्षं शाळेविना राहिली. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शाळाबंदी घटनाबाह्य ठरवली.

अशा शाळेच्या स्मरणिकेत नुसते निकाल आणि सत्कार छापले, तर तो इतिहास अर्धाच. हजेरीपटात ज्यांची नावं येऊच दिली नाहीत, त्यांनाही शोधायला हवं.