कर्ज, हिशेब आणि आपली ठेव

सुदामा नगरातील एका गृहस्थांनी परवा आम्हांस विचारले, “मुलीच्या लग्नासाठी साठविलेल्या पैशांतून एखाद्या मोठ्या कंपनीचे शेअर घ्यावेत काय?” होय किंवा नाही असे उत्तर देणे आमचे काम नव्हे. परंतु आपला पैसा ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याचा व्यवहार कसा पारखावा, एवढे सांगणे उपयोगाचे ठरेल.

आधी कर्जाची गोष्ट पाहू. समजा, एका दुकानात १०० रुपयांचे भांडवल आहे. ते सारे मालकाचे असेल आणि वर्षाला २० रुपये सुटले, तर त्याला शेकडा २० मिळाले. तेच निम्मे भांडवल शेकडा १० व्याजाने काढलेले असेल, तर ५ रुपये व्याज जाऊन १५ उरतात; म्हणजे स्वतःच्या ५० रुपयांवर शेकडा ३०! कर्जाचा मोह पडतो तो येथेच. पण पुढील वर्षी २ रुपयेच सुटले तर? बिनकर्जी मालकाला थोडे का होईना मिळते. कर्जदाराच्या पदरचे ३ रुपये जातात. बाजार मंदावला म्हणून सावकार व्याज सोडीत नाही. कर्जाने लाभ वाढतो आणि जोखीमही त्याबरोबरच वाढते, ती अशी.

ह्याचे मोठे उदाहरण आपल्या इंदूरनेच पाहिले आहे. १९८६ साली स्थापन झालेली रुची सोया ही खाद्यतेलाच्या धंद्यातील देशातील अग्रगण्य कंपनी. तिची न्यूट्रेलाची सोयावडी कोणत्या गृहिणीस ठाऊक नाही? माल घरोघरी खपत होता. तरीही कर्जाचा भार पेलवेना, आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. बँकांचे व अन्य वित्तसंस्थांचे येणे नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. २०१९ साली पतंजलीने सुमारे ४,३५० कोटींच्या योजनेने कंपनी घेतली, तीही बहुतांशी बँकांच्या कर्जावर. धनकोंना येण्याच्या निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागले. जुन्या भागधारकांच्या १०० शेअरांचा १ शेअर झाला; ज्याच्यापाशी हजार होते, त्याच्या हाती दहा उरले. धनकोंचे भागल्यावर जे उरेल ते भागधारकाचे, हा नियमच आहे.

पुढे जानेवारी २०२० मध्ये त्या शेअरची खरेदी-विक्री पुन्हा सुरू झाली. सुमारे १७ रुपयांचा भाव जूनअखेर १,५०० रुपयांवर गेला. लोक चकित झाले. पण कंपनीचे सुमारे ९९ टक्के शेअर नव्या मालकांकडेच होते, हे किती जणांनी पाहिले? बाजारात माल मूठभर असला की भाव चढावयास वेळ लागत नाही. तो कंपनीच्या खऱ्या मोलाचा पुरावा नव्हे.

मार्च २०२२ मध्ये कंपनीने ४,३०० कोटींचे शेअर जनतेस देऊ केले. त्या वेळी ‘बाजारभावाहून स्वस्त’ अशा आशयाचा एक मोबाइल संदेश फिरला. तो आपला नसल्याचे कंपनीने सांगितले. तथापि सेबीने गुंतवणूकदारांना अर्ज मागे घेण्याची मुभा देवविली. आलेल्या पैशांतून सुमारे २,९२५ कोटींचे कर्ज फिटले. जून २०२२ मध्ये कंपनीचे नाव पतंजली फूड्स झाले.

लपविलेला हिशेब तर कर्जाहूनही घातक. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केले की, वह्यांत दाखविलेल्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. एका दिवसात भाव तीन-चतुर्थांशांहून अधिक घसरला. उलट, ज्याची वही उघडी असते त्याला सावकारही कमी व्याजाने पैसा देतो. कारण अज्ञाताचे भय हेही व्याजात मोजले जाते.

म्हणून, वाचकहो, पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कर्ज किती? नफ्यातून व्याज सहज भागते काय? कागदावरील नफा रोकडीच्या रूपाने हाती येतो काय? आणि हिशेबतपासनिसाने काही शेरा मारला आहे काय? नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ह्यांची उत्तरे असतात आणि तो कोणासही पाहता येतो. ती समजत नसतील तर जाणत्यास विचारावे. आणि मुलीच्या लग्नाची तिथी जवळ असेल, तर तो पैसा अशा जोखमीत घालूच नये.