पांढुर्ण्याचे दगड आणि रग्बीचे मैदान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्याच्या शेंड्याला निशाण बांधले जाते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. ते निशाण हस्तगत करावयाचे आणि अखेरीस चंडीमातेच्या चरणी झाड अर्पण करावयाचे, एवढाच या खेळाचा हेतू. परंतु झाडाकडे झेपावणाऱ्या तरुणावर समोरच्या तीरावरून दगडगोट्यांचा वर्षाव होतो. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, डोळे जातात आणि आजवर या पात्रात कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. हीच ती गोटमार. सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडणाऱ्या पांढुर्ण्याच्या एका प्रेमिकाची दंतकथा तिच्यामागे सांगतात. ती खरी असो वा नसो, जखमींचा आकडा मात्र दरवर्षी शेकड्यांनीच मोजावा लागतो.

ही प्रथा बंद पाडण्याचे उपाय झाले नाहीत असे नाही. जमावबंदीचे हुकूम निघाले, पोलिसांच्या तुकड्या आल्या, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड उचलले. यावर किनाऱ्यावरच्या आम्हां सुशिक्षितांनी नाके मुरडण्याचे कारण नाही. गोव्यातील धिरयोंवर 1996 साली उच्च न्यायालयाने बंदी घातली. त्यानंतरही कोणत्या शेतात, कोणत्या रविवारी बैल झुंजतात हे गावोगावच्या लोकांना ठाऊक असते. तेथे निदान मुकी जनावरे पुढे केली जातात. पांढुर्ण्याचा तरुण स्वतः उभा राहतो, एवढाच काय तो फरक.

हा तरुण कोण आहे, हे पाहावयास हवे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलणारे टापू मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारपेठ नागपूरची, असे त्याचे त्रिस्थळी जीवन आहे. पांढुर्ण्याची संत्री दूरवर जातात. सौंसरचे नाव तर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे; मँगनीज धारण करणाऱ्या खडकांच्या एका मोठ्या समूहालाच सौंसर समूह म्हणतात. खाणीच्या मातीत वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला हे नाते वेगळे समजावून सांगावयास नको. 2023 साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी आले, पाट्या बदलल्या. वर्षातून एक दिवस छातीवर दगड झेलणाऱ्या पोराच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, हा प्रश्न पाटीने सुटत नाही.

वेगाने धावणे, अंगावर येणाऱ्याला न भिता सामोरे जाणे, पडल्यावर उठणे आणि गावासाठी निशाण खेचून आणणे, हे सारे गुण ज्या एका खेळात जसेच्या तसे लागतात त्याचे नाव आमच्या मनात येते ते रग्बी. चेंडू हाती घेऊन पुढे धावावयाचे, तो हाताने मात्र मागेच द्यावयाचा आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन पाडले तर चेंडू सोडून द्यावयाचा, हा त्याचा ठोकळ नियम. दांडगाई आहे, पण कोणाला, कोठे, कसे धरावे याला कायदा आहे आणि मानेवर हात टाकणाऱ्याला बाहेर काढणारा पंच आहे. हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबाने 1878 साली आपला संसार आवरला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडविला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता चषकासाठी झुंजतात. सात गड्यांच्या रग्बीला 2016 पासून ऑलिंपिकमध्ये स्थान आहे आणि 2023 साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतही ती होती. जून 2025 मध्ये मुंबईत सहा संघांची व्यावसायिक लीगही झाली. आता या खेळावर पोट भरता येईल, असे एखाद्या मुलाने म्हटले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

पण पोट किती दिवस भरेल? ती लीग दोन आठवड्यांची होती आणि तिच्या लिलावात भारतीय खेळाडूंवर लागलेल्या सर्वोच्च बोल्याही पाच लाख रुपयांच्या आतच राहिल्या. वर्षाचे उरलेले पन्नास आठवडे त्या खेळाडूने काय करावयाचे? सैन्यात, रेल्वेत वा पोलिसांत नोकरी असेल तर ठीक; नसेल तर आईबापांच्या जिवावर व्यायाम करावयाचा.

ज्या देशांत हा धंदा जुना आहे तिकडे पाहावे, तर तेथेही चित्र सरळ नाही. पंधरा गड्यांच्या रग्बीत खेळाडूला पैसे देणे 1995 च्या ऑगस्टपर्यंत निषिद्धच होते. तोवर डॉक्टर, शिक्षक, शेतकरी असे लोक शनिवारी खेळत आणि सोमवारी कामावर जात. आता मोठे क्लब मुलाला शाळकरी वयातच हेरतात, अठराव्या वर्षाच्या सुमारास करारावर घेतात आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच त्यांतील कित्येकांना निरोप देतात. जे टिकतात ते तिशीच्या आसपास थकतात. 1867 साली स्थापन झालेला वॉस्प्स हा इंग्लंडमधला नामवंत क्लब 2022 साली दिवाळखोरीत गेला. त्याच हंगामात वूस्टर आणि लंडन आयरिश हे आणखी दोन क्लब बुडाले. काल लाखोंची कमाई असलेले तरुण एका दिवसात बेकार झाले. आणि पैशापेक्षा भयंकर गोष्ट डोक्याची. 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने 2020 साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, आपणांस स्मृतिभ्रंश जडल्याचे जाहीर केले. तो विश्वविजय आपल्याला आठवतच नाही, असे हा विश्वविजेता सांगतो. नियम असलेल्या खेळाची ही कथा आहे. तेव्हा दगड सोडून रग्बी घ्या, असा उपदेश करून मोकळे होणे आम्हांला जमणार नाही.

क्लब म्हणजे कायमची भाकर नव्हे, हे गोव्याने स्वतः अनुभवले आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग व आय-लीग मिळून पाच वेळा जिंकणारा धेंपो क्लब 2016 साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्यासह आय-लीगमधून बाहेर पडला. त्यामागची कारणे काहीही असोत, पुढच्या हंगामाची वाट पाहणाऱ्या पोरांना ती कारणे कोणी विचारली नाहीत. 2025 साली देशाची प्रमुख लीगच संघटना आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराच्या घोळात अडकून पडली. कबड्डीत अधिक बरे दिसते. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई याच्यावर 2019 साली एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका गावचा मुलगा एवढा वर गेला याचा आनंद कोणाला होणार नाही? पण असा एक सिद्धार्थ उभा राहतो तेव्हा त्याच मातीत किती जण गुडघे गमावून घरी परततात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

मोजदाद न ठेवण्याची ही आपली खोड जुनी आहे. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या घरावरच्या कर्जातून आले. पदक आणणाऱ्या या पैलवानाला पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळाली ती 1955 साली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. सरकार मागाहून पुतळे उभारते; गहाणखत प्राचार्यांनाच करावे लागते.

बिहारसारख्या राज्याने या बाबतीत आपणां सर्वांना मागे टाकावे, ही गोष्ट लाजेची आहे की आशेची, ते ज्याचे त्याने ठरवावे. तेथे ‘पदक आणा, नोकरी मिळवा’ अशी योजना आहे आणि तिच्यातून रग्बी खेळणाऱ्या मुलीही सरकारी सेवेत आल्या आहेत. नोकरी आधी पक्की, म्हणून मुलीला मैदानावर पाठविण्यास बापाचे मन धजावते. भोपाळच्या सरकारला पांढुर्ण्यासाठी हे करणे अशक्य नाही. नव्या जिल्ह्याला एक सपाट, गवताचे मैदान लागेल. तेथे पगारी प्रशिक्षक लागेल. क्रीडादिनापुरता येऊन जाणारा नव्हे. खेळणाऱ्या मुलाची बारावी होईपर्यंत शाळा सुटू नये, एवढी अट असावी. डोक्याला मार लागला तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात न उतरविण्याचा अधिकार डॉक्टरचा असावा, प्रशिक्षकाचा नव्हे. आणि जो मोडला त्याच्या उपचाराचा भार विम्याने उचलावा, बापाच्या संत्र्याच्या बागेने नव्हे. गोटमारीच्या बंदोबस्तावर आणि त्या दिवशीच्या रुग्णवाहिकांवर दरवर्षी जो खर्च होतो तो कोणाला जड वाटत नाही. मग हा का वाटावा?

हे झाल्यावर गोटमार थांबेल, अशी हमी आम्ही देत नाही. तीनशे-चारशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट एका मैदानाने पुसली जाईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच, की नदीच्या पात्रात उतरणाऱ्या पोराला ‘उतरू नकोस’ असे सांगण्यापूर्वी कोठे जावे ते सांगता आले पाहिजे; आणि जेथे जा म्हणून सांगू, तेथून तो पस्तिसाव्या वर्षी शाबूत डोक्याने आणि हाती काही काम घेऊन परत येईल की नाही, हे मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना विचारावयास हवे. पुढच्या पोळ्याच्या आत विचारले तर बरे.